‘जॉइन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि वापर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नोकरी सांभाळून इंग्रजी शिकायला येणाऱ्या प्रौढांना शिकवताना मला ज्या एका शब्दाविषयी सर्वांत जास्त प्रश्न विचारले गेले, तो शब्द ‘जॉइन’ आहे. तो मराठी बोलण्यात इतका मुरला आहे की त्याचा अर्थ कोशात पाहावा असे कोणाला वाटत नाही, आणि बहुतेक चुका त्यातूनच होतात. वर्गात वारंवार आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. इंग्रजी शब्द आणि वाक्ये वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून तीही देवनागरीतच दिली आहेत.

‘जॉइन’ या शब्दाचा मूळ अर्थ काय?

या क्रियापदाला दोन मुख्य अर्थ आहेत. पहिला अर्थ वस्तूंचा आहे : दोन सुटे तुकडे, दोन टोके, दोन रस्ते किंवा दोन बिंदू एकमेकांना लावणे, म्हणजेच जोडणे. दुसरा अर्थ माणसांचा आहे : जे आधीपासून चालू आहे किंवा जे लोक आधीपासून एकत्र आहेत, त्यांत नव्याने जाऊन मिसळणे. सैन्यात, संस्थेत, रांगेत, गप्पांत किंवा जेवणाच्या पंगतीत जाऊन बसणे हे सगळे इंग्रजीत ‘जॉइन’च असते. वस्तूंच्या अर्थात दोन्ही बाजू बरोबरीच्या असतात, तर माणसांच्या अर्थात एक बाजू आधीची आणि दुसरी नंतर आलेली असते. हा फरक मनात पक्का असला, तर पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

मराठीत ‘जॉइन’साठी एकच नेमका शब्द आहे का?

नाही, आणि ती मराठीची उणीव आहे असे मला वाटत नाही. इंग्रजी जिथे एका क्रियापदावर काम भागवते, तिथे मराठी आधी विचारते की कोण कशाला आणि कशासाठी जाऊन मिळाले. माणूस नोकरीवर रुजू होतो, महाविद्यालयात दाखल होतो, सैन्यात भरती होतो, मोर्चात सामील होतो, चर्चेत सहभागी होतो, पक्षात प्रवेश करतो आणि वारीत वाटेवर कुठे तरी येऊन मिळतो. मुलाचे शाळेत नाव घालतात. गावाहून पुण्यात शिकायला आलेला विद्यार्थी आधी मेस लावतो, मग क्लास लावतो आणि जमल्यास जिमही लावतो. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘जॉइन’ चालते, पण मराठीतल्या ‘लावणे’ या क्रियापदात दरमहा पैसे भरून रोज जाण्याचा जो करार आहे, तो ‘जॉइन’मध्ये उतरत नाही.

‘तुम्ही पुढे व्हा, मी तुम्हाला स्वारगेटला गाठतो’ या वाक्याचे इंग्रजी करायला सांगितले की विद्यार्थी ‘कॅच’ किंवा ‘मीट’ हे शब्द शोधतात. येथे ‘आय विल जॉइन यू ॲट स्वारगेट’ हेच अगदी नेमके इंग्रजी आहे, कारण पुढे गेलेली मंडळी आधीच वाटेला लागलेली आहेत आणि आपण नंतर जाऊन त्यांच्यात मिसळणार आहोत. नद्यांचेही तसेच आहे. मराठीत नद्या जोडल्या जात नाहीत, त्या मिळतात : पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, पुढे शहरात मुळा आणि मुठा संगमावर एक होतात आणि मुळा-मुठा भीमेला जाऊन मिळते. इंग्रजीत ‘द पवना जॉइन्स द मुळा’ असे म्हणतात. मराठीत ‘नदीजोड’ हा शब्द आहे, पण तो माणसाने कालवे काढून केलेल्या कामासाठी आहे. नद्या आपण होऊन मिळतात आणि माणूस त्यांना जोडतो, हा भेद आपल्या भाषेने न शिकवता आपल्याला दिलेला आहे.

‘जॉइन’नंतर ‘इन’, ‘टू’ किंवा ‘विथ’ लावावे का?

माणूस एखाद्या संस्थेत, गटात किंवा कामावर जातो तेव्हा काहीही लावू नये. ‘आय जॉइन्ड द कंपनी इन जून’ हे बरोबर आहे आणि ‘आय जॉइन्ड इन द कंपनी’ किंवा ‘आय जॉइन्ड टू द कंपनी’ हे चूक आहे. पुण्यातल्या नोकरीच्या अर्जांत ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिचे कारण शोधणे मला आवश्यक वाटले. मराठीत आपण कंपनीत, बँकेत, पथकात असे म्हणतो. हा ‘त’ प्रत्यय मनात असतो आणि इंग्रजी लिहिताना तोच ‘इन’ होऊन बाहेर पडतो. ‘मी त्यांना जॉइन झालो’ यातला ‘ना’ प्रत्यय त्याच रीतीने ‘टू’ होतो. इंग्रजीत कंपनी हे ‘जॉइन’चे थेट कर्म असते, जसे ‘मी पुस्तक वाचले’ या वाक्यात पुस्तक हे वाचण्याचे कर्म आहे. ‘पुस्तकात वाचले’ आणि ‘पुस्तक वाचले’ यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हा नियम पाठ करावा लागत नाही.

वरच्या पहिल्या वाक्यात ‘इन जून’ असे आहे, तेव्हा ‘इन’ चालले कसे, असा प्रश्न हमखास येतो. ते ‘इन’ महिन्याचे आहे, कंपनीचे नाही. त्याचप्रमाणे ‘शी जॉइन्ड द बँक ॲज अ क्लार्क’ यातले ‘ॲज’ पदाविषयी आहे. कोणत्या पदावर, केव्हा आणि कोणत्या शहरात हे सांगण्यासाठी अव्यये खुशाल यावीत. ‘जॉइन’ आणि संस्था यांच्यामध्ये मात्र काही येऊ देऊ नये.

मग ‘जॉइन इन’, ‘जॉइन अप’, ‘जॉइन विथ’ आणि ‘जॉइन टू’ हे प्रयोग कोशात का आढळतात?

कारण ते बरोबर आहेत, फक्त त्यांचे अर्थ वेगळे आहेत. ‘जॉइन इन’ म्हणजे चालू असलेल्या कृतीत भाग घेणे. आरती चालू असताना मागे उभा राहिलेला पाहुणाही म्हणू लागला, तर ‘ही जॉइन्ड इन’. येथे तो कोणत्या मंडळाचा सभासद झाला नाही, फक्त सूर मिसळला. गणेशोत्सवातल्या ढोल-ताशा पथकाचे उदाहरण घेतले तर फरक नीट दिसतो : पथकात नाव नोंदवून सराव सुरू केला तर ‘शी जॉइन्ड द पथक’, आणि मिरवणूक पाहायला आलेली मुलगी रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्यांचा ठेका धरू लागली तर ‘शी जॉइन्ड इन’.

‘जॉइन अप’ म्हणजे सैन्यात भरती होणे, आणि हा प्रयोग मुख्यतः ब्रिटिश इंग्रजीतला आहे. ‘जॉइन विथ’ औपचारिक भाषणांत येतो आणि त्याचा अर्थ एखाद्या कृतीत कोणाला साथ देणे असा असतो. ‘माझे सहकारीही माझ्याबरोबर आपले अभिनंदन करतात’ हे सांगताना ‘माय कलीग्ज जॉइन विथ मी इन काँग्रॅच्युलेटिंग यू’ असे लिहिता येते. ‘जॉइन टू’ हा प्रयोग वस्तूंसाठी राखलेला आहे : एका पाइपचे टोक दुसऱ्या पाइपला जोडा, ‘जॉइन वन पाइप टू द अदर’. विद्यार्थ्यांनी कोशात हे शेवटचे उदाहरण पाहिलेले असते आणि ते माणसांना लावतात. माणूस कंपनीला पाइपसारखा जोडायचा नसतो, एवढे ध्यानात राहिले तरी पुरे.

‘जॉइन टुगेदर’ म्हणणे चूक आहे का?

व्याकरणाच्या दृष्टीने चूक नाही. जोडणे म्हणजे एकत्र आणणेच असल्यामुळे ‘टुगेदर’ हा शब्द तिथे जास्तीचा ठरतो, आणि कार्यालयीन लेखनात तो गाळलेला बरा. विवाहविधीच्या जुन्या इंग्रजीत मात्र हे दोन्ही शब्द शेजारी येतात आणि तिथे ते खटकत नाहीत, कारण विधीच्या भाषेला थोडे वजन लागते. आपणही ‘एकत्र जमले’ असे म्हणतोच.

‘जॉइन हँड्स’ म्हणजे हात जोडणे का?

नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर मी कधीही घाईत देत नाही, कारण येथे शब्दांना शब्द जुळतात आणि अर्थ पूर्णपणे उलटा होतो. मराठीत हात जोडणे म्हणजे आपलेच दोन तळवे एकमेकांना लावणे. त्यात नमस्कार असतो, विनवणी असते आणि कधी ‘आता तुझ्यापुढे हात जोडले’ असे म्हणून विषय संपवणेही असते. इंग्रजीत ‘जॉइन हँड्स’ म्हणजे दुसऱ्याचा हात आपल्या हातात घेणे, आणि त्यावरून आलेला लाक्षणिक अर्थ म्हणजे एखाद्या कामासाठी एकत्र येणे. त्याला मराठीत ‘हातमिळवणी’ हा शब्द आहे, पण त्यालाही सांभाळून वापरावे लागते, कारण राजकीय बातम्यांत तो बहुधा संशयाच्या सुरात येतो. चांगल्या कामासाठी लोक एकत्र आले असतील तर ‘एकमेकांना साथ दिली’ किंवा ‘हातभार लावला’ असे म्हणणे अधिक योग्य.

सोसायटीच्या सूचनाफलकावर ‘लेट अस जॉइन हँड्स’ असे लिहिलेले असले, तर त्याचा अर्थ ‘चला, नमस्कार करूया’ असा होत नाही. उलट ‘त्याने देवापुढे हात जोडले’ याचे इंग्रजी ‘ही जॉइन्ड हिज हँड्स’ असे केले, तर इंग्रजी वाचकाला काही तरी कळते, पण भक्तिभाव कळत नाही. त्यासाठी ‘फोल्डेड हँड्स’ हा भारतीय इंग्रजीत रुळलेला प्रयोग वापरावा आणि संदर्भात ‘इन प्रेअर’ किंवा ‘इन ग्रीटिंग’ असे स्पष्ट करावे.

‘जॉइन’, ‘मर्ज’, ‘युनाइट’ आणि ‘कनेक्ट’ यांत नेमका फरक काय आहे?

जोडल्यानंतर दोन्ही बाजूंचे वेगळेपण किती शिल्लक राहते, या एका कसोटीवर हे शब्द तपासावेत. ‘कनेक्ट’मध्ये ते पूर्ण राहते. लकडी पूल डेक्कनच्या बाजूला पेठांशी जोडतो, म्हणजे ‘कनेक्ट’ करतो, आणि तरीही नदीच्या दोन्ही काठांची ओळख वेगळीच राहते. पुणे मेट्रोच्या पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाझ ते रामवाडी या दोन मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना छेदतात. तिथे उतरून प्रवासी मार्गिका बदलतो, पण मार्गिका दोनच राहतात. ‘जॉइन’मध्ये आत जाणारा दुसऱ्याचा भाग होतो, तरीही त्याला बाहेर पडता येते. ‘युनाइट’मध्ये एका हेतूसाठी सर्व जण एक होतात आणि त्यात भावनेचा अंश असतो. ‘मर्ज’मध्ये एकाचे, किंवा दोघांचेही, वेगळे अस्तित्व संपते. हा शब्द बुडवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलेला आहे, आणि आपला ‘विलीन’ हा शब्द विरघळण्याच्या कल्पनेतून आलेला असल्यामुळे या दोघांची जोडी उत्तम जमते.

पुण्याच्या इतिहासात या फरकाची फार चांगली उदाहरणे सापडतात. पुणे शहर नगरपालिका आणि पुणे उपनगर नगरपालिका यांच्यातून १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका झाली. जुन्या दोन्ही संस्था उरल्या नाहीत, म्हणून ते ‘मर्जर’ होते. त्यानंतर शहर वाढत गेले, २०१७ मध्ये ११ गावे आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली. इंग्रजी वृत्तपत्रे त्यांना ‘मर्ज्ड व्हिलेजेस’ म्हणतात, पण मराठीत रुळलेला शब्द ‘समाविष्ट गावे’ हा आहे. मला मराठी शब्द अधिक नेमका वाटतो. गावाची ग्रामपंचायत गेली, पण गावाचे नाव, ग्रामदैवत आणि यात्रा गेली नाही. गाव विरघळले नाही, त्याला मोठ्या हद्दीत सामावून घेतले गेले.

याहूनही स्पष्ट उदाहरण संस्थानांचे आहे. १९४७ मध्ये संस्थानिकांनी भारताशी जो करार केला, त्याला इंग्रजीत ‘इन्स्ट्रुमेंट ऑफ ॲक्सेशन’ आणि मराठीत ‘सामीलनामा’ म्हणतात. त्यानुसार संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय भारत सरकारकडे गेले आणि बाकीचा कारभार संस्थानाकडेच राहिला. हे ‘जॉइन’ झाले. त्यानंतर ८ मार्च १९४८ रोजी आज पुणे जिल्ह्यात असलेले भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी झाले. हे ‘मर्ज’ झाले. सामील होणे आणि विलीन होणे यांच्यामध्ये एका राज्यव्यवस्थेचा शेवट आहे. इतिहासाच्या लेखनात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले पाहिले की मला वाईट वाटते, कारण मराठीने हा भेद आपल्याला इतक्या स्वच्छ शब्दांत दिलेला आहे.

‘जॉइंट’ हा शब्द याच कुळातला आहे का?

होय. नाम म्हणून ‘जॉइंट’ म्हणजे सांधा : गुडघ्याचा, लाकडाचा, पाइपचा किंवा रुळांचा. ‘सांधा’ हा मराठीतला फार समर्थ शब्द आहे, आणि रेल्वेत रूळ बदलणाऱ्या कर्मचाऱ्याला आपण ‘सांधेवाला’ म्हणत आलो आहोत. विशेषण म्हणून ‘जॉइंट’चा अर्थ संयुक्त किंवा सामाईक असा होतो. बँकेतले ‘जॉइंट अकाउंट’ म्हणजे संयुक्त खाते, पण ‘जॉइंट फॅमिली’ला आपण संयुक्त कुटुंबापेक्षा एकत्र कुटुंब म्हणतो, आणि तोच शब्द घरातला वाटतो.

खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी हे या विशेषणाचे पुण्यातले सर्वांत बोलके उदाहरण आहे. तिच्या आधी १९४९ मध्ये डेहराडून येथे जी शाखा सुरू झाली, तिचे नावच ‘जॉइंट सर्व्हिसेस विंग’ असे होते. भूदल, नौदल आणि हवाई दल यांचे छात्र एकाच छताखाली शिकतात, हा त्या ‘जॉइंट’चा अर्थ होता. खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे औपचारिक उद्घाटन १६ जानेवारी १९५५ रोजी झाले. तिथे प्रवेश घेणारा मुलगा किंवा मुलगी ‘जॉइन्स द ॲकॅडमी’, आणि तिथले प्रशिक्षण ‘जॉइंट’ असते. येथे तिन्ही दले एकमेकांत विलीन होत नाहीत, म्हणून ‘मर्ज्ड’ म्हणणे चुकीचे ठरेल.

‘न्यू जॉइनी’ हा शब्द बरोबर आहे का?

हिंजवडीपासून खराडीपर्यंत हा शब्द रोज ऐकू येतो, पण तो भारतीय इंग्रजीतला आहे. इंग्रजीत ‘ई’ हा प्रत्यय सहसा ज्याच्यावर क्रिया होते त्याला लागतो : ‘एम्प्लॉयी’ म्हणजे ज्याला कामावर ठेवले तो. ‘जॉइन’ करणारा माणूस स्वतः क्रिया करतो, म्हणून इतर देशांत ‘न्यू जॉइनर’ किंवा ‘न्यू हायर’ असे म्हणतात. सहकाऱ्यांशी बोलताना ‘जॉइनी’ने काही बिघडत नाही, परदेशी ग्राहकाला पत्र लिहिताना ‘जॉइनर’ लिहावे. ‘जॉइनर’चा ब्रिटिश इंग्रजीत आणखी एक अर्थ आहे : दारे, खिडक्या, जिने यांचे बारीक जोडकाम करणारा सुतार.

‘आय हॅव जॉइन्ड हिअर सिन्स टू इयर्स’ या वाक्यात काय चूक आहे?

हे वाक्य ‘मला इथे जॉइन होऊन दोन वर्षे झाली’ या अगदी निर्दोष मराठी वाक्यातून जन्मते. ‘जॉइन’ ही एका क्षणात घडून संपणारी क्रिया आहे. उंबरठा ओलांडणे जसे दोन वर्षे चालत नाही, तसे ‘जॉइन’ होणेही चालत नाही. चालू राहते ते काम. म्हणून ‘आय जॉइन्ड टू इयर्स अगो’ असे लिहावे, किंवा कामाविषयी सांगायचे असेल तर ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर टू इयर्स’ असे. शिवाय ‘सिन्स’नंतर वर्ष, महिना किंवा वार यावा आणि ‘फॉर’नंतर कालावधी, हा नियम येथेही लागू होतो.

सरकारी नोकरीतल्या ‘जॉइनिंग’ला मराठीत काय म्हणावे?

शासनव्यवहाराच्या मराठीत यासाठी सुस्पष्ट शब्द आहेत. ‘जॉइनिंग रिपोर्ट’ला रुजू अहवाल आणि ‘डेट ऑफ जॉइनिंग’ला रुजू दिनांक म्हणतात. बदली झालेल्या कर्मचाऱ्याला नव्या जागी पोहोचण्यासाठी जे दिवस मिळतात, त्या ‘जॉइनिंग टाइम’ला महाराष्ट्र नागरी सेवेच्या १९८१ च्या नियमांत ‘पदग्रहण अवधी’ असे नाव आहे. ‘रुजू’ हा शब्द मुळात अरबीतला, परतणे किंवा वळणे या अर्थाचा. कचेरीच्या मराठीत त्याला ‘समोर हजर होणे’ हा अर्थ आला आणि त्यातून नोकरीवर हजर होण्याचा. परक्या शब्दाला आपलासा करण्याची ही रीत जुनी आहे. त्यामुळे ‘जॉइन’ मराठीत आला याचे मला दुःख नाही. ‘रुजू’ जिवंत असताना तो विसरला जाऊ नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

मराठीत ‘जॉइन करणे’ म्हणावे की ‘जॉइन होणे’?

दोन्ही रूपे प्रचलित आहेत आणि त्यांची वाक्यरचना वेगळी आहे. ‘करणे’ घेतले की संस्था कर्म होते आणि क्रियापद तिच्या लिंगाप्रमाणे चालते : मी कंपनी जॉइन केली, क्लास जॉइन केला, महाविद्यालय जॉइन केले. ‘होणे’ घेतले की संस्थेला ‘त’ लागतो आणि क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे चालते : मी कंपनीत जॉइन झालो, ती कंपनीत जॉइन झाली. पहिली रचना इंग्रजीच्या वळणाची आहे आणि दुसरी ‘रुजू होणे’, ‘दाखल होणे’ यांच्या साच्यात बसलेली आहे. ‘कंपनीला जॉइन केले’ असे मात्र लिहू नये.

‘जॉइन’चा उच्चार आणि देवनागरी लेखन कसे असावे?

इंग्रजीत हा एकाच अवयवाचा शब्द आहे, म्हणून ‘जॉ’ आणि ‘इन’ असे दोन ठोके न देता एका झटक्यात म्हणावा. मराठीत ‘ज’चे दोन उच्चार आहेत : ‘जेवण’मधला तालव्य आणि ‘जाळे’मधला दंततालव्य. ‘जॉइन’चा ज ‘जेवण’मधला आहे, तर मराठी ‘जोडणे’चा ज ‘जाळे’मधला आहे. लिहिताना काही जण ‘जॉईन’ असे दीर्घ लिहितात, पण मूळ उच्चारातला स्वर ऱ्हस्व असल्यामुळे मी ‘जॉइन’ लिहिते.

‘जॉइन’ आणि ‘योग’ एकाच मुळातून आले आहेत, हे खरे आहे का?

होय, आणि हा या शब्दाचा सर्वांत सुंदर भाग आहे. ‘जॉइन’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधल्या जोडणे, जुंपणे या अर्थाच्या ‘युंगेरे’ या क्रियापदापासून आला. संस्कृतातला ‘युज्’ हा धातू त्याच क्रियापदाचा भाऊबंद आहे, कारण लॅटिन आणि संस्कृत या दोन्ही भाषा एकाच प्राचीन भाषेतून निघाल्या आहेत. ‘युज्’पासून आपल्याकडे योग, युक्त, संयोग, उद्योग, आयोग, योजना असे कितीतरी शब्द झाले. बैलांच्या मानेवरचे जोखड, ज्याला आपण ‘जू’ म्हणतो, ते संस्कृत ‘युग’ या शब्दाचे मराठी रूप आहे. इंग्रजीतला ‘योक’ हा शब्दही जूच आहे, पण तो फ्रेंचमधून न येता इंग्रजीच्या स्वतःच्या जर्मानिक वारशातून आला. म्हणजे मावळातल्या शेतकऱ्याच्या तोंडचे ‘जू’, इंग्रजी शेतकऱ्याचे ‘योक’, कार्यालयातले ‘जॉइन’ आणि योगासनांच्या वर्गातला ‘योग’ हे चौघे एकाच घरातले आहेत. वेगवेगळ्या वाटांनी गेलेल्या या शब्दांना एकमेकांची ओळख राहिली नाही, एवढेच.

या कुळात आणखी काही शब्द आहेत. लॅटिनमध्ये ‘युगुम’ म्हणजे जू. ‘सब्जुगेट’ म्हणजे जुवाखाली आणणे, अंकित करणे. ‘कॉन्जुगल’ म्हणजे एका जुवाला जुंपलेल्या दोघांचे, म्हणून वैवाहिक. ‘जंक्शन’ म्हणजे जिथे रेल्वेमार्ग मिळतात ते स्थानक, जसे पुणे किंवा दौंड. सत्ता बळकावणाऱ्या लष्करी मंडळाला म्हणतात तो ‘जुंटा’ हा शब्दही याच मुळातला असून स्पॅनिशमधून आला आहे, त्याचा आपल्या ‘जनता’ या शब्दाशी काही संबंध नाही.

मला स्वतःला सर्वांत भावलेले साम्य वेगळे आहे. इंग्रजीत ‘टू जॉइन बॅटल’ म्हणजे लढाईला तोंड फुटणे. जोडण्याच्या क्रियापदातून भांडणाचा अर्थ कसा निघाला, असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी त्यांना मराठीच आठवायला सांगते. ‘दोघांची चांगलीच जुंपली’ असे आपण म्हणतोच की. एका जुवाला जोडलेले दोन बैल एकमेकांपासून दूर जाऊ शकत नाहीत, आणि भांडायला समोरासमोर आलेली दोन माणसेही नाहीत.

‘एन्जॉइन’, ‘रिजॉइंडर’ आणि ‘ॲडजॉइनिंग’ यांचे अर्थ काय?

‘ॲडजॉइनिंग’ म्हणजे लागून असलेला, शेजारचा. ‘रिजॉइंडर’ म्हणजे प्रत्युत्तर, आणि हा शब्द बहुधा न्यायालयात भेटतो. ‘एन्जॉइन’विषयी मात्र सावध राहावे. सामान्य लेखनात त्याचा अर्थ बजावणे, आज्ञा करणे असा होतो, तर कायद्याच्या भाषेत ‘फ्रॉम’ जोडून तो मनाई करणे असा होतो. मनाईहुकुमाला ‘इन्जंक्शन’ म्हणतात ते त्याच मुळातून.

संगणकातले ‘जॉइन’ वेगळे आहे का?

अर्थ तोच, वस्तूंचा. माहितीच्या दोन तक्त्यांत एखादा स्तंभ सामाईक असेल, तर त्याच्या आधारे दोन्हींतल्या ओळी जुळवून एक तक्ता तयार करणे म्हणजे ‘जॉइन’. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल प्रारूपात, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडण्याच्या पद्धतीत, ही कल्पना आहे. मराठीत समजावताना ‘जोडणे’पेक्षा ‘जुळवणे’ हे क्रियापद वापरावे, कारण ओळी आधी जुळाव्या लागतात.

‘माणसे जोडणे’ याचे इंग्रजी ‘टू जॉइन पीपल’ असे होईल का?

होणार नाही. ‘टू जॉइन पीपल’ म्हणजे त्या लोकांत जाऊन बसणे. मराठीत माणसे जोडणे म्हणजे अनेक वर्षे जिव्हाळ्याने वागून नाती कमावणे, आणि हे ‘जोडणे’ पैसा जोडणे, पुण्य जोडणे यांतल्या कमावण्याच्या अर्थाजवळचे आहे. प्रसंगानुसार ‘ही मेड फ्रेंड्स व्हेअरव्हर ही वेंट’ किंवा ‘शी बिल्ट लास्टिंग रिलेशनशिप्स’ असे लिहावे लागते. जोडधंदा म्हणजे ‘साइड बिझनेस’, आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना ‘लाँग वीकेंड’ म्हणतात. यांतल्या कोणत्याही ठिकाणी ‘जॉइन’ येत नाही. वर्गात एका निवृत्त गृहस्थांनी आपल्या वडिलांविषयी लिहिलेल्या निबंधात ‘माय फादर जॉइन्ड मेनी पीपल’ असे वाक्य होते. मी ते दुरुस्त केले, पण वहीत समासात त्यांचे मूळ मराठी वाक्यही लिहून ठेवायला सांगितले : ‘बाबांनी आयुष्यभर माणसे जोडली.’